कार्बोरेटरचा जुनाच फ्लोट काळा रंगवून ३८०० ला विकला, बुलेटवाल्यांनी जरूर वाचा

कोल्हापुरात, इचलकरंजीत, जयसिंगपुरात ज्यांच्याकडं जुन्या गाड्या आहेत त्यांनी हे नीट वाचा, कारण माझे पैसे तर गेलेच पण घराला आग लागायची वेळ आली होती.

माझ्याकडं काकांची बुलेट आहे, १९७८ ची. काकांनी त्या काळात कुठनं तरी अमल ह्या ब्रिटिश कंपनीचा कॉन्सेंट्रिक कार्बोरेटर (इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग) मिळवून बसवलेला, मार्क वन, ६०० सिरीज. ह्या कार्बोरेटरचं डिझाईन १९६७ चं, त्याच्या तळाच्या वाटीत, म्हणजे बाउलमध्ये, पेट्रोलवर तरंगणारा जुना पांढरा फ्लोट प्लास्टिकचा आणि पोकळ. जोड उकलला की आत पेट्रोल शिरतं, फ्लोट बुडतो, पेट्रोल अडवणारी छोटी सुई, म्हणजे नीडल, बसत नाही आणि पेट्रोल टिकलरमधनं (कार्बोरेटरवरच्या दाबायच्या बटणातनं) वाहायला लागतं. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, जुन्या रबराला ते अजिबात सोसत नाही. म्हणून अमलवाल्यांनीच नवा फ्लोट काढलाय, स्टे-अप म्हणतात त्याला, काळा, भरीव, भोक पडलं तरी बुडत नाही. त्याच्यासोबत ॲल्युमिनियमची नीडल, टोकाला व्हायटॉनचं रबर, जे इथेनॉलनं फुगत नाही. मला हेच दोन्ही पायजे होतं.

रविवारच्या राईडला भेटणाऱ्या एकानं सांगितलं की अमुक माणूस इंपोर्टेड माल देतो. गेलो. माणूस बोलायला एकदम गोड, भावा भावा करत चहा पाजला, माझ्यासमोरच बाउलचे दोन स्क्रू काढून नवा फ्लोट आणि नीडल टाकली, ३८०० घेतले गूगल पे वर. पॅकेट दाखवलं पण हातात दिलं नाही. बिल मागितलं तर म्हणाला घरातल्या माणसाला कसलं बिल. आणि माझा जुना फ्लोट, नीडल ठेवून घेतली, म्हणाला एक्सचेंजचे ३०० कमी केलेत की. मला त्यात वावगं काय वाटलंच नाही.

आठ दिवस गाडी झकास. नवव्या दिवशी रात्री टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करायचा राहिला, गाडी जिन्याखाली, आणि पहाटे आई उठली तर घरभर पेट्रोलचा वास. देवघरात समई लावायला तिनं काडीपेटी हातात घेतलेली. तिनं मला हाक मारली म्हणून बरं. खाली येऊन बघतो तर इंजिनखाली फरशीवर पेट्रोलचं थारोळं, आणि डिपस्टिक काढली तर ऑईल पाण्यासारखं पातळ आणि त्यालाही पेट्रोलचाच वास, म्हणजे पेट्रोल इनटेकमधनं खाली इंजिनात उतरलं होतं. किक मारली असती तर बेअरिंगची वाट लागली असती. ऑईल सगळं काढून टाकलं.

मग बाउल खोलला. तळाला काळे पापुद्रे, चहावर साय धरते तसे. फ्लोटवर नखानं खरवडलं तर खालनं पांढरं प्लास्टिक! कुणाचा तरी जुना फ्लोट, एका कडेला सोल्डरिंग आयर्न लावून भोक बुजवल्याचा डागसुद्धा होता, वरनं स्प्रे मारलेला. हलवला तर आत पेट्रोल खळखळतंय. नीडलचं रबरी टोक भिजवलेल्या मटकीसारखं टम्म फुगलेलं, आणि कानशीनं जरा घासली तर ॲल्युमिनियम कुठलं, आत पिवळं पितळ.

उद्यमनगरात ओळखीचे एक मिस्त्री आहेत, चाळीस वर्षं लेथवर, त्यांना दाखवलं. ते म्हणाले नीडल धरणारी फ्लोटची जी शिंगं असतात ती आधी बघायची. स्टे-अपला ती धातूची असतात, चिमट्यानं हलकी वाकवून लेव्हल लावता येते, पेट्रोल बाउलच्या काठाच्या साधारण ५ मिलीमीटर खाली थांबायला पायजे. जुन्याला शिंगं प्लास्टिकची, तिथं बाउल गरम करून नीडल जिथं बसते ती सीट खालीवर सरकवावी लागते. एवढं एक बघितलं असतं तर मला दुकानातच कळलं असतं, रंग कितीही मारला तरी प्लास्टिकच्या शिंगाचं धातू होत नाही.

परत गेलो तर तो म्हणतो पेट्रोलच भेसळीचं, मी काय करणार. वर चार लोकांसमोर मलाच म्हणाला तुला कार्बोरेटर कळतो का. लई राग आला पण हात उचलला नाही, सरळ १९१५ ला, ग्राहक हेल्पलाईनला फोन करून तक्रार नोंदवली. बिल नाही म्हणून गप्प बसू नका, पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि पार्टचे फोटो मी जोडलेत. पैसे अजून आलेले नाहीत.

आणि मला सगळ्यात जास्त लागलंय ते हे की माझा जुना फ्लोट त्याच्याकडंच आहे. तो गळका होता म्हणूनच मी बदलला होता. तो आता काळा होऊन कुणाच्या तरी गाडीत बसला असणार. काकांनी त्याच्या डाव्या बाजूला कंपासच्या टोकानं फुलीची खूण केलेली होती. नुकताच काळा फ्लोट घेतला असेल तर आज घरी जाऊन कॉक बंद करा, बाउल उघडा आणि डावी बाजू खरवडून बघा.