सौभद्र, शारदा की कट्यार? उत्सवात संगीत नाटक बसवणाऱ्यांसाठी

उत्सव कमिटीत ‘यंदा संगीत नाटक करूया’ असं ठरलं की पहिलं नाव निघतं ‘कट्यार काळजात घुसली’चं. मग कोणीतरी जुनंजाणतं माणूस ‘सौभद्र’ म्हणतं. ‘शारदा’ सहसा निघतच नाही. देवळासमोरच्या मांडवात, गावच्याच हौशी नटांवर नाटक उभं करायचं असेल, तर माझ्या मते हा क्रम नेमका उलटा लावायला हवा.

आधी ‘कट्यार’चं बघू, कारण सगळ्यांचा जीव तिथेच अडकलेला असतो. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक १९६७ चं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे उभे राहिले आणि पुढे ती भूमिका त्यांच्याच नावानं ओळखली जाऊ लागली. या नाटकाची गोष्टच गाण्याची आहे. पंडितजी आणि खाँसाहेब या दोन गवयांच्या घराण्यांचा झगडा आहे, आणि तो संवादांतून कळून भागत नाही, कानांना ऐकू यावा लागतो. पंडितजींचं गाणं वेगळं, खाँसाहेबांचं वेगळं, आणि पंडितजींचा शिष्य सदाशिव, त्याच्या गळ्यात पुढे दोन्हींचा अंश. म्हणजे एकाच गावात तीन तयार पुरुष गळे, शिवाय खाँसाहेबांच्या मुलीसाठी, झरिनासाठी चांगली गाणारी मुलगी. ‘सौभद्रा’तला कृष्ण गाण्यात थोडा कमी पडला तरी मिश्कीलपणावर निभावून नेतो. खाँसाहेबांना ती सोय नाही. ते गाण्यात कमी पडले तर नाटकातल्या सगळ्या भांडणाला अर्थच उरत नाही.

दुसरी गोची चित्रपटाची. २०१५ साली ‘कट्यार’ पडद्यावर आलं आणि नवी पिढी नाटकाकडे त्याच वाटेनं येते. तुमच्या मांडवातली निम्मी पोरं ‘सूर निरागस हो’ची वाट बघत बसणार, आणि ते गाणं मूळ नाटकात नाहीच, चित्रपटासाठी नवीन केलेलं आहे. घातलं तर जाणकार नाकं मुरडणार, नाही घातलं तर पोरं मोबाइल काढणार. शिवाय मोबाइलवर तोच चित्रपट आहे, मग तुलना आलीच. रत्नागिरीच्या खल्वायनसारख्या संस्था वर्षानुवर्षं संगीत नाटकं करत आल्यात. तसा रियाज मागे असेल तर ‘कट्यार’ जरूर करा. दोन महिन्यांच्या तालमीत ते होत नाही.

‘सौभद्र’ अण्णासाहेब किर्लोस्करांचं, १८८२ चं, अर्जुन-सुभद्रेच्या लग्नाची गोष्ट. मूळ संहितेत शंभराच्या वर पदं आहेत. हा आकडा ऐकूनच कमिटी घाबरते, पण पदं कसली आहेत ते बघा. साक्या, दिंड्या, चार-सहा ओळींत संपणाऱ्या चाली. पुढे बालगंधर्वांच्या काळात त्यांतल्या कित्येक पदांना ख्यालाचा विस्तार आला आणि आपण रेकॉर्डवर ऐकून तोच मूळ आराखडा समजतो. ‘प्रिये पहा’ पंधरा मिनिटं चाललंच पाहिजे असं काही नाही. संवाद बोलता बोलता पद सुरू व्हावं आणि पुन्हा संवादात मिसळावं, असं बसवलं तर नाटक पळतं.

इथे कोकणातल्या मंडळींकडे एक भांडवल आहे. गावोगावी भजनी मंडळं आहेत, सिंधुदुर्गात डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना आहे. ताल पक्का असलेली, लोकांसमोर बिचकत नसलेली पोरं आयती मिळतात. फक्त डबलबारीतला गळा सतत वरच्या पट्टीत, आव्हान दिल्यासारखा लागतो. ‘वद जाऊ कुणाला शरण’ असं गायलं तर सुभद्रा शरण जाणार नाही, भांडायला उठेल. हा आवाज खाली आणायलाच तालमीचे पहिले दिवस जातात.

पट्टीचाही प्रश्न येतो. सुभद्रा सुरुवातीला भाऊराव कोल्हटकरांनी केली, म्हणजे स्त्रीपार्टच्या पदांच्या चाली मुळात पुरुषाच्या गळ्यावर बसलेल्या. आता सुभद्रा मुलगी करणार, तिची पट्टी वेगळी, अर्जुनाची वेगळी. प्रवेशात एकापाठोपाठ दोघांची पदं आली की ऑर्गनवाल्याला दर वेळी सूर बदलावा लागतो, आणि तो बदल संवादाखाली लपवता आला नाही तर मध्येच खड्डा पडतो. म्हणून नटांआधी ऑर्गनवाला नक्की करा. समुद्रालगत देऊळ असेल तर तबलाही दमट हवेनं उतरतो. दर अंकाच्या आधी विंगेत हातोडी चालली पाहिजे, नाहीतर दुसऱ्या अंकात तबला एका सुरात आणि गाणारा दुसऱ्या सुरात.

प्रेक्षकांचं म्हणाल तर ‘सौभद्र’ सावंतवाडी-कुडाळ पट्ट्यात एक बोलतं, रत्नागिरी-राजापुरात दुसरं. दशावतार बघत मोठ्या झालेल्या माणसाला कृष्ण-बलराम-नारद ओळखीचे असतात, त्रिदंडी संन्याशाच्या वेषातला अर्जुन बघून तो आधीच हसायला लागतो. पण त्याला उत्स्फूर्त, चढाओढीच्या संवादांची सवय असते, ‘सौभद्रा’ची ठरलेली, छापील भाषा त्याला संथ वाटते. राजापूरकडच्या उत्सवात उलट अनुभव येतो, तिथे म्हातारी मंडळी पद सुरू होण्याआधीच गुणगुणतात आणि एक ओळ गाळली तरी दुसऱ्या दिवशी वाटेत अडवून विचारतात.

आता ‘शारदा’. गोविंद बल्लाळ देवलांचं, १८९९ चं. देव-राजे सोडून घरातल्या माणसांवरचं नाटक. पंचाहत्तरीचा भुजंगनाथ, पैशासाठी पोरीचं लग्न त्याच्याशी लावायला निघालेला बाप कांचनभट, दलाली करणारा भद्रेश्वर आणि मधे शारदा. पदं साधी, बोलीच्या जवळची. ‘म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान’ आजही ज्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही त्यालाही येतं. रागदारीची अट जवळजवळ नाही, अभिनयाची मात्र पुरेपूर आहे.

बालविवाह आता राहिले नाहीत, मग हे कशाला, असा आक्षेप हमखास येतो. मला वाटतं कोकणात आज हे नाटक वेगळ्याच ठिकाणी टोचतं. बागा आहेत, घर आहे, पण मुलगी गावात यायला तयार नाही, म्हणून पस्तिशी-चाळिशी ओलांडलेले मुलगे प्रत्येक वाडीत आहेत. ते मांडवात पुढेच बसलेले असणार, पडदा ओढायलाही तेच असतात. त्यांच्यासमोर भद्रेश्वर ‘स्थळ’ जमवायला निघतो तेव्हा येणारं हसू १८९९ सारखं नसतं. दिग्दर्शकानं हे ओळखलं नाही तर लोक भुजंगनाथाची कीव करायला लागतात आणि शारदा बाजूला पडते. ‘मूर्तिमंत भीती उभी’ हे पद म्हणूनच कितीही घाई असली तरी कापू नका, संथ लयीत, पूर्ण होऊ द्या. प्रयोगाचा तोल तिथे सावरतो.

शेवट मात्र अवघड आहे. लग्न मोडतं ते सगोत्र निघाल्यामुळे. पोरीवर अन्याय होतोय म्हणून ते मोडत नाही. आजच्या मुलींना ही पळवाट वाटते, आणि त्यांचं चूक नाही. संहिता बदलू नये असं माझं मत. पण गोत्राचा उलगडा होत असताना प्रकाश शारदेच्या चेहऱ्यावर ठेवता येतो. तिला त्या शास्त्रार्थाचं काय, हे एका शब्दाशिवाय कळतं.

वेळेचं गणित तिन्ही नाटकांना सारखंच आहे. पूर्वी आरती, पालखी आटोपून अकराला घंटा व्हायची आणि पहाटे नाटक सुटायचं. आता रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद. सरकारनं सूट दिलेल्या दिवशी बारापर्यंत, आणि असे दिवस वर्षात १५ पेक्षा जास्त नसतात. उत्सवाची तारीख त्यांत बसत नसेल तर सातला पडदा वर गेला पाहिजे आणि तीन तासांत खाली आला पाहिजे. ‘शारदा’ पाच अंकी असली तरी पंधरा-वीस पदं ठेवून त्यात बसते. ‘सौभद्र’ला कात्री जास्त लागते. ‘कट्यार’ कापायला गेलं तर गाणंच कापावं लागतं, मग उरतं काय?

पैशाचं थोडक्यात. किर्लोस्कर १८८५ साली गेले, देवल १९१६ साली. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो, त्यामुळे ही दोन्ही नाटकं मोकळी आहेत. दारव्हेकर १९९९ साली गेले, अभिषेकी १९९८ साली, तेव्हा ‘कट्यार’ला रीतसर परवानगी आणि मानधन आलं. ड्रेपरीत ‘सौभद्र’ सगळ्यांत महाग, मुकुट-शेले-दागिने भाड्यानं आणावे लागतात. ‘शारदे’ला घरातल्या नऊवाऱ्या, धोतरं, उपरणी पुरतात. भुजंगनाथाच्या पगडीसाठी मात्र चांगला मेकअपवाला गाठा, ती डोक्यावर नीट बसली नाही तर लोक नको तिथे हसतात.

एका अटीवर मी ‘शारदा’ सोडून ‘सौभद्र’ घ्यायला सांगेन. शारदा करणारी मुलगी सोळा-सतराची, गाणारी आणि तालमीला रोज येणारी हवी. दहावी-बारावीचं वर्ष असेल तर आईवडील माघातल्या उत्सवासाठी सोडणार नाहीत, आणि तिशीतल्या बाईला परकर-पोलक्यात उभं करून हे नाटक होत नाही. अशी मुलगी नसेल तर रुक्मिणी-सुभद्रेला दोन गाणाऱ्या सुना बघा, कृष्णाला भजनातला एखादा हजरजबाबी बुवा, आणि तालीम दिवाळीनंतर लगेच सुरू करा.