८×४२ दुर्बीण: मोरावर नको, मातकट पक्ष्यावर तपासा

नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका दुकानातून ही दुर्बीण दोन वर्षांआधी घेतली, ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण रबरावरून त्यांच्याशी माझं भांडण अजून चालू आहे. दुकानदार १०×४२ गळ्यात मारून राहिला होता, "काका, जास्त जवळचं दिसते". दिसते ना, पण हात हलला की चित्रही तितकंच जास्त हलते. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसते, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागा, डोळ्याकडे येणाऱ्या उजेडाचा गोल सव्वापाच मिलिमीटरचा येतो, १० ने भागलं तर फक्त ४.२, मग थंडीत सकाळी सहाला गोरेवाडा तलावावर तेच अंधुक वाटते.

मोर काय, नीलकंठ काय, कशातूनही मस्तच दिसतात. खरी परीक्षा माळावरची. तिरचिमणी आणि भरत चंडोल, दोघंही मातकट, दोघांच्या छातीवर रेघा, तिरचिमणी शेपटी खालीवर करत पळते म्हणून ओळखू येते, पण गप्प उभी असली की रेघाच मोजाव्या लागतात. या दुर्बिणीत त्या सुट्या दिसतात, याचे पूर्ण मार्क.

गेल्या हिवाळ्यात लेकीकडे कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला गेलो तेव्हा सोबत नेली. तिथं सव्हाना स्पॅरो हा रेघांचा छोटा पक्षी दिसला. नाव गवताळ सव्हानावरून नाही बरं, अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरावरून, आणि नातंही आपल्या घरातल्या चिमणीपेक्षा भारीटाशी (बंटिंगशी) जवळचं. डोळ्यापुढे पिवळसर छटा, आखूड शेपटी, पोट पांढरं आणि छातीवर रेघा. हा झाला गवतातला साधा. खाऱ्या दलदलीत बारा महिने राहणारा बेल्डिंग्ज मात्र काळपट, रेघा जाड आणि गच्च, बघितल्यावर वाटते कोणी शाई सांडली. १९७४ पासून कॅलिफोर्नियात तो संकटग्रस्त यादीत आहे. तिसरा लार्ज-बिल्ड, मेक्सिकोच्या किनाऱ्यावरून हिवाळ्यात येतो, राखी, रेघा पुसट, चोच चांगली जाडजूड. तिन्ही एकाच पक्ष्याच्या पोटजाती! जावई म्हणे सगळे सारखेच आहेत बाबा, त्याच्या हातात दुर्बीण दिली तर पाच मिनिटांत तोच मला चोच दाखवायला लागला. कॅनडाच्या पूर्वेकडच्या सेबल बेटावरचा मोठा, फिकट इप्सविच, हीही याचीच पोटजात, तेवढा राहिला, तो पार दुसऱ्या टोकाला.

आता रबर. मे महिन्यात एक दुपार गाडीत राहिली तर डोळ्याजवळच्या कडा चिकट झाल्या, अजूनही बोटाला लागतात. आपल्या नागपूरच्या उन्हात विकता तर तेवढं टिकायला नको का? आभाळासमोर तारेवरचा पक्षी पाहिला की कडेनं जांभळी रेघ येते, पट्टा मानेला कापतो, तो मी पहिल्या आठवड्यातच बदलला.

चष्मावाल्यांनी घेताना डोळ्याजवळचं रबर खाली करून पूर्ण गोल दिसतो का बघा, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नाही, बाहेर येऊन समोरच्या छतावरच्या चिमणीवर. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या.