मराठी-इंग्रजी ऑनलाइन समुपदेशन: सत्रात उत्तम, सत्राबाहेर अपुरे

कोल्हापूरचे घर सोडून नोकरीसाठी चेन्नईत एकट्याने राहणाऱ्या माणसाला नैराश्याने गाठले, तर तेथे त्याला तमिळ किंवा इंग्रजी बोलणारे उत्तम तज्ज्ञ मिळतात. पण आईच्या आजारपणाविषयी, भावाशी तुटलेल्या बोलण्याविषयी किंवा पहाटे चारला जाग आल्यावर मनात जे दाटून येते त्याविषयी मराठीत बोलता येईल असे कोणी सहसा मिळत नाही. या अडचणीतून मी पुण्यातील एका खासगी संस्थेची मराठी-इंग्रजी ऑनलाइन समुपदेशन सेवा घेतली आणि गेले अनेक महिने ती घेत आहे. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा लिहिणार आहे त्या अशा अनेक सेवांत आढळू शकतात आणि वाचकाने त्या स्वतः तपासून पाहाव्यात असे मला वाटते. माझे मत आधीच सांगतो: सौम्य किंवा मध्यम नैराश्य असलेल्या प्रौढ मराठी माणसासाठी ही सेवा पैसे देऊन घेण्याजोगी आहे, मात्र तिचा दुभाषीपणा समुपदेशिकेच्या बोलण्यापुरताच आहे आणि संस्थेच्या उरलेल्या कारभारात तो पोहोचलेला नाही.

पहिल्या भेटीपूर्वी ‘पीएचक्यू-9’ ही प्रश्नावली भरून घेतली जाते. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह, एकाग्रता, स्वतःविषयीची भावना यांत काय बदल झाला हे नऊ प्रश्नांतून विचारलेले असते, प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण असतात आणि 27 पैकी 10 किंवा अधिक गुण आले तर नैराश्य किमान मध्यम स्वरूपाचे असावे असे मानून पुढील तपासणी केली जाते. प्रश्नावली मराठीत मिळाली, ही गोष्ट मला मोठ्या मोलाची वाटते. नववा प्रश्न जगणे नकोसे वाटण्याविषयी आहे आणि त्याचे उत्तर देताना वाक्याच्या अर्थाबद्दल तिळमात्रही संदिग्धता असता कामा नये. समुपदेशिकेने पहिल्याच सत्रात याच प्रश्नावर थांबून, घाई न करता, सविस्तर विचारणा केली. मनात असे विचार असणाऱ्याला थेट विचारल्याने ते वाढतात हा समज चुकीचा आहे. उलट कोणीतरी स्पष्ट विचारल्याने माणसाला बोलायला जागा मिळते.

पन्नास मिनिटांच्या सत्रात भाषा कोणती वापरायची याचे कोणतेही बंधन नव्हते आणि या सेवेची खरी ताकद मला तेथेच दिसली. कार्यालयातील लक्ष्य, वार्षिक मूल्यमापन, वरिष्ठांशी झालेली बोलाचाली हे सारे मी इंग्रजीत सांगत असे, कारण ते घडलेच इंग्रजीत होते. वडिलांविषयी बोलायला लागलो की आपोआप मराठी येई. काही सत्रांनंतर समुपदेशिकेच्या एक गोष्ट लक्षात आली: सर्वांत जास्त अपराधीपणा ज्या प्रसंगाचा वाटत होता, तो मी प्रत्येक वेळी इंग्रजीत, एखादा अहवाल वाचावा तसा सांगत होतो. त्यांनी मला अडवले नाही. आधी तो प्रसंग इंग्रजीतच पूर्ण ऐकला, पुढच्या आठवड्यात तुम्हाला चालणार असेल तर हेच मराठीत सांगून पाहा असे सुचवले, आणि मी सांगू लागल्यावर आवाज भरून आला तेव्हा शांतपणे वाट पाहिली. एका भाषेत मिळणारे अंतर आणि दुसऱ्या भाषेत मिळणारी जवळीक या दोहोंचा उपयोग कधी करायचा हे ज्याला कळते, तोच दुभाषी समुपदेशक. केवळ दोन्ही भाषा येणे पुरेसे नाही. चांगले इंग्रजी बोलणाऱ्या मराठी माणसानेही अशी सेवा का घ्यावी, याचे उत्तर मला या अनुभवात मिळाले.

उपचारपद्धती दोन होत्या. पहिली म्हणजे मन तयार होण्याची वाट न पाहता ठरावीक वेळी ठरावीक छोटे काम करणे आणि त्यानंतर मनःस्थितीत काय फरक पडला याची नोंद ठेवणे. नैराश्यात माणूस जितका कमी हालचाल करतो तितका आनंदाचा प्रत्येक स्रोत आटत जातो, आणि हे चक्र कृतीच्या बाजूने तोडणे अनेकदा विचारांच्या बाजूने तोडण्यापेक्षा सोपे असते. दुसरी म्हणजे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1950च्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती. घटना आणि तिच्यातून उपजणारी भावना यांच्या मध्ये आपला दृष्टिकोन उभा असतो आणि तो तपासून बदलता येतो, हे तिचे सूत्र आहे. कि. मो. फडके यांनी या पद्धतीची मराठीत इतकी कसून मांडणी केली आहे, आणि ठाण्याच्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थने तिचा इतका प्रसार केला आहे, की मराठी समुपदेशकाला हे सारे उसन्या भाषेत समजावून सांगण्याची गरजच पडत नाही.

आता उणिवा सांगतो. सत्र संपले की मराठीही संपते. ॲप पूर्णपणे इंग्रजीत आहे, सत्राची आठवण करून देणारे संदेश इंग्रजीत येतात, आणि सर्वांत खटकणारी बाब म्हणजे संमतिपत्र फक्त इंग्रजीत, बारीक अक्षरांत, अनेक पानांचे आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 23 नुसार रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आहे आणि त्याला अपवादही आहेत, उदाहरणार्थ कोणाच्या जिवाला धोका असल्यास माहिती उघड करता येते. हे अपवाद आपल्या भाषेत वाचल्याशिवाय कोणी सही करू नये असे माझे ठाम मत आहे. तातडीच्या प्रसंगी संपर्क करायच्या नातेवाइकाचा क्रमांक घेतला गेला, पण मी चेन्नईत आणि तो नातेवाईक कोल्हापुरात असताना मध्यरात्री नेमके कोण पोहोचणार, हे विचारण्याचे कोणी मनावर घेतले नाही. शेवटी मीच माझ्या सध्याच्या पत्त्याजवळील रुग्णालयाची माहिती आणि एका सहकाऱ्याचा क्रमांक त्यांच्याकडे नोंदवला. दूर राहून सेवा देणाऱ्या कोणत्याही संस्थेने हे पहिल्या दिवशी करायला हवे.

समुपदेशकाच्या पात्रतेबद्दलही विचारणा करावी. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची) नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि ती पडताळता येते. समुपदेशक म्हणून काम करणाऱ्या प्रत्येकाकडे अशी नोंदणी असतेच असे नाही. माझ्या समुपदेशिकेने स्वतःहून नोंदणी क्रमांक दिला, थायरॉइडची तपासणी करून घ्यायला सांगितले, कारण त्या ग्रंथीचे काम मंदावले तरी नैराश्यासारखीच लक्षणे दिसतात, आणि प्रश्नावलीचे गुण अपेक्षेप्रमाणे उतरत नाहीत असे दिसताच मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवले. औषध लिहून देण्याचा अधिकार डॉक्टरांचाच आहे; टेलिमेडिसिनच्या 2020च्या मार्गदर्शक तत्त्वांमुळे हा सल्लाही व्हिडिओवर घेता येतो. औषधाचा परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात, हे आधी सांगितले गेल्यामुळे मी ते मध्येच सोडले नाही.

शुल्क माझ्यासारख्या पगारदाराला दरमहा जाणवण्याइतके आहे. ज्यांना ते झेपत नाही त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा आहे. ती 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली, 14416 या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते आणि तिच्या 20 भाषांत मराठी आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बहुसंख्य रुग्ण उपचारांपर्यंत पोहोचतच नाहीत असे दिसले होते, त्यामुळे निदान पहिला फोन तरी विनामूल्य आणि आपल्या भाषेत करता येणे फार महत्त्वाचे आहे. मात्र ठरलेल्या दिवशी, त्याच व्यक्तीशी, महिनोन्महिने चालणारे काम आणि अडचणीच्या क्षणी मिळणारा आधार यांत फरक आहे, आणि मी पैसे मोजतो ते त्या सातत्याचे.

ज्यांना आत्महत्येचे विचार प्रबळपणे येत आहेत, भास होत आहेत किंवा कधी अतिउत्साहाचे आणि कधी तीव्र नैराश्याचे झटके येत आहेत, त्यांनी पडद्यावरच्या सत्रावर विसंबू नये. प्रत्यक्ष मनोविकारतज्ज्ञाला दाखवावे आणि धोका तातडीचा असेल तर 112 वर फोन करावा. घरात बंद दार असलेली खोली नसलेल्यांनाही ही सेवा अवघड जाईल, कारण भिंतीपलीकडे कोणी ऐकत असेल तर माणूस कोणत्याच भाषेत मोकळेपणाने बोलत नाही.

मी सत्रे सुरू ठेवली आहेत. संमतिपत्र, ॲप आणि तातडीच्या व्यवस्थेविषयीच्या तक्रारी संस्थेला लेखी कळवल्या. संमतिपत्राचा मराठी मसुदा त्यांनी पाठवला आणि तो नीट, समजेल अशा भाषेत लिहिलेला आहे. उरलेल्या दोन गोष्टींबद्दल अजून उत्तर आलेले नाही.