नोना-के की सानी?

ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात भाच्याला तोफेचं लाकडी मॉडेल ठेवायचंय. नोना-के आणि सानी या दोन सोव्हिएत तोफांत गाडं अडलंय, दोन्हींच्या नळीचं तोंड १२० मिमीचं.

वजनात सानी सरळ जिंकते. ती उखळी तोफ, मांडलेली सुमारे २१० किलो, सुटी करून माणसं उचलतात. नोना-के जवळपास १,२०० किलो, तिला ओढायला गाडीच हवी.

खरी गंमत नळीत आहे. सानीची नळी गुळगुळीत, बॉम्ब तोंडातून सोडायचा आणि मारा उंच कमानीतच. नोनाच्या नळीला आतून आटे, म्हणजे गोळ्याला फिरकी देणाऱ्या वळणदार खाचा, आणि गोळा मागून भरायचा. त्या गोळ्याच्या पट्ट्यावरही आटे आधीच कोरलेले, ते नळीशी जुळवूनच आत सरकवायचे. नळी उणे १० पासून ८० अंशांपर्यंत खाली-वर होते, म्हणजे टेकडीपलीकडेही मारा आणि समोरच्या रणगाड्यावरही. वर साधे उखळी बॉम्बही चालतात! पल्ला मात्र ७ विरुद्ध पावणेनऊ किलोमीटर, एवढ्यासाठी हजार किलो कोण ओढेल?

डोंगरात पायी जाणाऱ्या तुकडीला सानी. एकाच तोफेकडून दोन्ही कामं हवी असतील, तर नोना. भाच्या, तुझ्याकडे चारच दिवस असतील तर सानीच कर. नोनाच्या तोंडाचा तो मझल ब्रेक (धक्का कमी करणारा भाग) कोरता कोरता विसर्जन उजाडेल.