वॉलपेपर क्रॉप करायचं पैसे भरून घेतलेलं अ‍ॅप : आकाशात पट्ट्या का?

फोटो कापून वॉलपेपर करायच्या अ‍ॅपची वर्गणी संपत आली, ६९९ रुपये भरा, असा मेसेज आला. सेव्ह केल्यावर फोटोतल्या आकाशात पट्ट्या येतात, या माझ्या तक्रारीला त्याच आठवड्यात उत्तर मिळालं, की ही तुमच्या स्क्रीनची मर्यादा आहे. ते उत्तर मला अजिबात पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

अ‍ॅप काय करतं ते बहुतेकांना माहीत आहे: फोटो द्या, फोनचं मॉडेल निवडा, चौकट सरकवा, सेव्ह करा. माझ्या फोनची स्क्रीन १०८० बाय २४०० पिक्सेलची. हरिश्चंद्रगडावर काढलेला कोकणकड्याचा आडवा फोटो लावायचा होता, ४००० बाय ३००० चा. उभ्या स्क्रीनसाठी त्यातून १३५० बाय ३००० एवढाच उभा तुकडा मिळतो, जेमतेम एक तृतीयांश. आणि कोकणकडा म्हणजे तर ती आत वळलेली कमान! ती तुटली की उरतो नुसता कडा, कुठलाही. तो तुकडा कुठून घ्यायचा हाच खरा प्रश्न असतो.

सुरुवातीला मला हे अ‍ॅप बिनकामाचं वाटलं होतं. एवढं तर फोनच्या गॅलरीतही होतं, त्यासाठी पैसे कशाला? मग एका अपडेटमध्ये क्रॉप करतानाच घड्याळ आणि खालचे आयकॉन फिकट दिसायला लागले, आणि माझं मत बदललं. कमानीचं टोक घड्याळाखाली जातंय की मोकळं राहतंय, हे बोट फिरवतानाच कळतं. शिवाय काही फोनवर होम स्क्रीन सरकवली की मागचं चित्रही सरकतं, त्यासाठी जादा रुंदी राखायची सोय आहे. घरातल्या सगळ्यांचे फोन मी यावरूनच सजवून दिले.

पण सेव्ह केल्यावर आकाशाचं काय होतं ते बघा. पावसाळ्यानंतरचं निळं आकाश, वर गडद, क्षितिजाकडे फिकं होत गेलेलं. अ‍ॅपमधून बाहेर पडलं की त्यात ठळक पट्ट्या उमटतात आणि ढगांच्या कडेला बारीक चौकोन दिसतात. जेपेग हा फोटो साठवायचा नेहमीचा प्रकार चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे ठोकळे करून माहिती गाळतो. क्वालिटी फार खाली ओढली की हे असंच होणार. स्क्रीनचा दोष असता तर मूळ फोटोतही त्या पट्ट्या दिसल्या असत्या. त्याच फोनवर, तेवढ्याच ब्राइटनेसला मूळ आकाश स्वच्छ दिसतं. मोठं करताना फाटलं म्हणावं तर तेही नाही. १३५० चं १०८० होतं, म्हणजे चित्र लहानच होतंय. क्वालिटी निवडायची सोय सेटिंगमध्ये कुठेही नाही, माहिती न गाळता चित्र साठवणारा पीएनजी प्रकारही नाही. पैसे घेऊन आकाश खराब करून देणं मला मान्य नाही.

एक गोष्ट मात्र अ‍ॅपच्या माथी मारू नका. चॅटवरून आलेला फोटो आधीच लहान झालेला असतो. माझ्या बहिणीकडची प्रत १६०० बाय १२०० होती. त्यातून उभा तुकडा ५४० बाय १२०० निघतो, तो दुप्पट ताणावा लागतो आणि धूसर होतो. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा.

टॅबलेटसाठी अ‍ॅपचा सल्लाही मला पटला नाही. ते फक्त आडवा आकार देतं. टॅबलेट उभा धरला की चित्र पुन्हा कापलं जातं. २००० बाय १२०० च्या स्क्रीनला मी २००० बाय २००० चा चौरस लावते आणि महत्त्वाचा भाग मधल्या १२०० च्या चौरसात ठेवते. दोन्हीकडून नीट दिसतं.

आता मी असं करते. फुकटच्या आवृत्तीत सेव्ह केलेल्या चित्रावर त्यांचा शिक्का येतो, पण घड्याळाचा अंदाज आणि चौकटीचे आकडे दिसतातच. चौकट मनासारखी बसली की डावीकडून किती, वरून किती, ते लिहून घेते. मग लॅपटॉपवर गिम्प या फोटो एडिटरमध्ये क्रॉप टूलच्या पोझिशन आणि साइझमध्ये तेच आकडे टाकते, १०८० बाय २४०० करते आणि पीएनजी काढते. गिम्प फुकट आहे. विंडोजवर इरफानव्ह्यूनेही हे जमतं आणि घरगुती वापराला तेही फुकट आहे. पट्ट्या नाहीत, चौकोन नाहीत.

क्वालिटी निवडायची सोय दिली तर ६९९ रुपये आनंदाने भरेन, कारण घड्याळाची ती सोय खरंच चांगली आहे. तोवर वर्गणी बंद.