उरलेले भ्रूण: ठेवायचे, जाऊ द्यायचे की संशोधनाला द्यायचे?

आयव्हीएफ यशस्वी होतं, घरात बाळ येतं, आणि काही महिन्यांनी क्लिनिकमधून फोन येतो, ‘मॅडम, तुमचे एम्ब्रियो अजून फ्रीझ आहेत. रिन्युअल करायचंय का?’ ठाण्यातल्या एका आयव्हीएफ लॅबमध्ये मी एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, म्हणजे भ्रूण वाढवणं आणि सांभाळणं हे माझं काम. उपचाराच्या वेळी सह्या केलेल्या फॉर्मांच्या गठ्ठ्यात उरलेल्या भ्रूणांचं काय करायचं हा प्रश्न येऊन गेलेला असतो, पण तेव्हा सगळा जीव ‘या वेळी राहील ना?’ यातच अडकलेला असतो. मूल मांडीवर असताना तोच फॉर्म पुन्हा समोर आला की हात थबकतो. अशा जोडप्यांसाठी हे लिहिते आहे. माझा कल कुठे आहे तेही लपवणार नाही.

आधी कायदा. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा २०२१ चा, २५ जानेवारी २०२२ पासून लागू. त्यानुसार भ्रूण जास्तीत जास्त १० वर्षं ठेवता येतात. पुढे ते नष्ट होऊ द्यायचे, नाहीतर जोडप्याच्या संमतीने या कायद्याखाली नोंदणी झालेल्या संशोधन संस्थेला द्यायचे. विकायला बंदी, तिऱ्हाइताला द्यायला बंदी, संशोधनासाठी परदेशी पाठवायलाही बंदी. थोडक्यात, ‘ठेवायचे’ म्हणजे निर्णय पुढे ढकलायचा. शेवटी वाटा दोनच उरतात.

ठेवणं

दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर ठेवा, इथे फार चर्चा नको. स्त्रीचं वय वाढलं तरी गोठवलेल्या भ्रूणाचं वय वाढत नाही, आणि पुन्हा इंजेक्शनं, पुन्हा अंडी काढणं हे सगळं वाचतं. पावसाळ्यात दिवे गेले की फोन येतात, ‘आमचे एम्ब्रियो ठीक आहेत ना?’ ठीक असतात. ते विजेवर नाहीत. उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनच्या कॅनमध्ये, नाव, नंबर आणि तारीख लिहिलेल्या बारीक स्ट्रॉमध्ये असतात. कॅनमध्ये पट्टी बुडवून बाहेर काढली की तिच्यावर जिथपर्यंत बर्फाची पांढरी रेघ उमटते तिथपर्यंत नायट्रोजन आहे. ती रेघ खाली आली की आम्ही भर घालतो.

पण कुटुंब पूर्ण झालंय आणि फक्त ‘टाकवत नाही’ म्हणून दरवर्षी पैसे भरताय, असं असेल तर एकदा दोघांनी बसून बोला. पती-पत्नींपैकी एकाचं काही बरंवाईट झालं तर भ्रूणांचं काय करायचं हेही गोठवण्याआधी लेखी द्यावं लागतं. तुम्ही तेव्हा काय लिहिलं होतं ते आज आठवत नसेल तर क्लिनिकमधून प्रत मागून घ्या.

जाऊ देणं

स्ट्रॉ नायट्रोजनमधून काढून बाहेर ठेवली जाते, नोंदवहीत दोघांच्या सहीचा संदर्भ देऊन नोंद होते, आणि ते संपतं. काही घरांत हे जड जातं. सासूबाई विचारतात, ‘आपलंच नातवंड ना ते?’ त्यांना हसून गप्प करू नका. जीव केव्हा येतो याचं उत्तर प्रत्येक घरात वेगळं आहे. ठाण्यातल्या, वसईतल्या कॅथलिक कुटुंबांची अडचण आणखी मोठी असते. त्यांच्या चर्चच्या शिकवणीत गर्भधारणेच्या क्षणापासून पूर्ण मानवी जीव मानला जातो, त्यामुळे फॉर्मवरचा कुठलाच चौकोन त्यांना योग्य वाटत नाही. अशांना मी संशोधनाचा आग्रह कधीच करत नाही. नैसर्गिकपणे संपू देणं हे त्यांतल्या त्यात त्यांच्या मनाला कमी बोचतं.

संशोधनाला देणं

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून सावकाश सांगते. पाचव्या-सहाव्या दिवशीचा भ्रूण, ज्याला आम्ही ब्लास्टोसिस्ट म्हणतो, मायक्रोस्कोपखाली एखाद्या पारदर्शक गोळ्यासारखा दिसतो. साधारण शे-दोनशे पेशी. आत एका कडेला पेशींचा दाट पुंजका चिकटलेला असतो. पुढे त्यातूनच बाळाचं शरीर घडतं. तो पुंजका वेगळा काढून वाढवला तर भ्रूणीय स्टेम सेल मिळतात. शरीरातली कुठलीही पेशी होण्याची त्यांची ताकद असते, आणि त्यांची साखळी, म्हणजे एकाच भ्रूणापासून वाढत जाणारा पेशींचा वंश (सेल लाइन), वर्षानुवर्षं वाढवत राहता येते. यात भ्रूण संपतो. ही गोष्ट गोड शब्दांत गुंडाळून कुणी सांगत असेल तर तिथेच थांबा.

माणसाच्या अशा पेशी पहिल्यांदा १९९८ मध्ये अमेरिकेत, विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी मिळवल्या. त्याच वेळच्या ‘एच ९’ नावाच्या साखळीतून बनवलेल्या मेंदूच्या पेशी पार्किन्सन्सच्या (कंपवाताच्या) १२ रुग्णांना देण्यात आल्या, आणि त्या चाचणीचे निष्कर्ष एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. चाचणी छोटी, हेतू मुख्यतः सुरक्षितता तपासण्याचा, पण पेशी मेंदूत टिकल्या. कुणा अनोळखी जोडप्याने आयव्हीएफनंतर उरलेला एक भ्रूण दिला होता, त्यातून हे २७ वर्षांनी उभं राहिलं. माझा कल इकडे का, ते यातून कळेल.

मग लोक म्हणतात, ‘आता तर त्वचेपासूनही स्टेम सेल करतात, मग भ्रूण कशाला?’ प्रश्न रास्त आहे. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशी मागे नेऊन भ्रूणीय पेशींसारख्या करून दाखवल्या. २०१२ चं नोबेल त्यासाठीच. पार्किन्सन्सवर क्योटोत ७ रुग्णांवर याच पद्धतीने चाचणी झाली, तिचेही निष्कर्ष एप्रिल २०२५ मध्येच आले आणि तेही आश्वासक आहेत. पण नव्या पद्धतीच्या पेशी खरंच तशा आहेत का, हे ठरवायला मूळ भ्रूणीय पेशींशीच ताडून पाहावं लागलं. आज दोन्ही लागतात. अजून २० वर्षांनी कदाचित एकच लागेल.

सरकारचा पैसा असावा का?

हा वाद अमेरिकेत इतका तापला की राष्ट्राध्यक्षांनी टीव्हीवरून देशाला उद्देशून भाषण केलं. ९ ऑगस्ट २००१ ला जॉर्ज बुश यांनी जाहीर केलं की त्या तारखेआधी तयार झालेल्या साखळ्यांवरच केंद्राचा पैसा खर्च होईल. बाजू अशी: भ्रूण हा माणूसच आहे असं मानणाऱ्या करदात्याच्या खिशातून तो नष्ट करायला पैसे घेऊ नयेत. उलट बाजू अशी: हे भ्रूण नाहीतरी संपणारच आहेत, मग त्यातून आजारी माणसाला काही मिळत असेल तर अडवायचं का? २००६ मध्ये संसदेने निर्बंध सैल करणारं विधेयक मंजूर केलं, बुश यांनी ते नाकारलं. तो त्यांचा पहिला व्हेटो. दरम्यान २००४ मध्येच कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी राज्याच्या तिजोरीतून ३ अब्ज डॉलर मंजूर केले होते. मार्च २००९ मध्ये ओबामांनी तारखेची अट काढली. तरीही भ्रूण नष्ट करण्याच्या प्रत्यक्ष कामाला अमेरिकेच्या केंद्राचा पैसा देता येत नाही. १९९६ पासूनची ती बंदी कायम आहे.

आपल्या पट्ट्यातल्या लोकांना एक गोष्ट माहीत नसते. २००१ मध्ये अमेरिकेने मान्य केलेल्या ६४ साखळ्यांच्या यादीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या ७ आणि बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन केंद्राच्या ३ होत्या. त्या रिलायन्स कंपनीचा परिसर आज ठाणे-बेलापूर रोडवर रबाळ्याला आहे. यादी लांबलचक होती, प्रत्यक्षात संशोधकांच्या हाती आल्या त्या २१ च्या आसपास.

करदात्याच्या सदसद्विवेकाचा मुद्दा मला हलका वाटत नाही. आपल्याकडे तर त्यात भर पडते, ‘टीबी आणि कुपोषण आधी बघा.’ तरी मी सरकारी पैशाच्या बाजूने आहे, कारण पैशाबरोबर देखरेख येते आणि हाती लागलेलं सगळ्यांना वापरता येतं. खाजगी कंपनीचं गणित वेगळं. मणक्याच्या दुखापतीवर भ्रूणीय पेशींची पहिली चाचणी जेरॉन कंपनीने २०१० मध्ये सुरू केली आणि वर्षभरात, २०११ मध्ये, आर्थिक कारणाने थांबवली. इकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) परळमधल्या प्रजनन आरोग्य संस्थेने ‘काइंड १’ आणि ‘काइंड २’ या साखळ्या तयार केल्या. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्राने तर आयव्हीएफमध्ये बाद ठरवलेल्या, खालच्या दर्जाच्या भ्रूणांमधून दोन मिळवल्या. ‘आमचे एम्ब्रियो चांगले नव्हते, ते कुणाच्या काय कामाचे?’ असं म्हणणाऱ्या प्रत्येक बाईला मी हे सांगते.

टिक करण्याआधी

नुसतं ‘संशोधनासाठी’ असं मोघम छापलेलं असेल तर सही करू नका. संस्थेचं नाव विचारा, तिची नोंदणी विचारा, स्टेम सेल संशोधनाच्या संस्थात्मक समितीची मंजुरी विचारा. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ती लागतेच, आणि १४ दिवसांपुढे भ्रूण वाढवता येत नाही. तुम्हाला पैसे मिळणार नाहीत, आणि कुणी देऊ करत असेल तर तो गुन्हा आहे. एकदा साखळी तयार झाली की संमती मागे घेऊन उपयोग नाही, म्हणून वेळ घ्या. क्लिनिककडे नाव नसेल तर घाई न करता ठेवण्याची मुदत वाढवा किंवा जाऊ द्या. नाव नसताना मीही टिक करणार नाही.

आणखी एक. भ्रूण संशोधनाला दिल्याने तुमच्या घरच्या कुणाला स्टेम सेलचा उपचार मिळेल, असं कुणी सुचवत असेल तर ते खोटं आहे. आज आपल्याकडे रक्ताच्या काही आजारांसाठी होणारं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं फक्त मंजूर चाचणीतच, रुग्णाकडून पैसे न घेता व्हायला हवं. ऑटिझम, गुडघे, मधुमेह असं सगळं ‘स्टेम सेलने बरं करतो’ म्हणणाऱ्या पाट्या दिसल्या तर लाखो रुपये देण्याआधी चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा.

फॉर्मवर दोघांच्याही सह्या लागतात. नवरा ‘तू ठरव’ म्हणून मोकळा होतो आणि बाई एकटीच काउंटरवर येऊन रडते, हे मी फार पाहिलंय. दोघांनी मिळून या. लॅबमधल्या माणसाशी बोलायचंय म्हणून सांगा. आम्ही भेटतो.