एएस ५६०० चुंबकीय सेन्सर: काजूच्या कटिंग मशीनवर पावसाळा काढल्यानंतर

वेंगुर्ल्याजवळ आमचं छोटं काजू युनिट आहे. वाफवलेली बी कटरच्या पात्याखाली नेणारी चकती ब्रशलेस मोटरवर चालते. ती सावकाश फिरते आणि दर बीला थांबते. सेन्सरशिवायचा ड्रायव्हर इथे कामाचा नाही. तो बॅक ईएमएफवरून, म्हणजे फिरताना मोटरमध्येच तयार होणाऱ्या व्होल्टेजवरून, अंदाज घेतो. मोटर थांबली की तो शून्य, मग रोटर (मोटरचा फिरणारा भाग) कुठे आहे हे ड्रायव्हरला समजणार कसं? दर वेळी हिसका बसायचाच. आधीच्या ऑप्टिकल एन्कोडरवर (प्रकाशाने फिरणं मोजणारा सेन्सर) टरफलाचं तेल आणि भुकटी बसून मोजणी चुकायची. म्हणून मोटरच्या मागच्या टोकाला एएस ५६०० लावला. शाफ्टच्या टोकाला बसवलेला चुंबक समोर फिरतो आणि ही चिप त्यावरून कोन वाचते.

चिपबद्दल तक्रार नाही. एका फेरीचे ४०९६ भाग करतो, म्हणजे साधारण ०.०९ अंश. वीज जाऊन आली (आमच्याकडे ती जातेच) तरी रोटरचा कोन लगेच सांगतो, चकती शून्यावर आणावी लागत नाही. तेल, धूळ, दमट हवा, कशाचंच त्याला सोयरसुतक नाही.

मेख आहे ती चुंबकात. डायमेट्रिकच हवा, म्हणजे ध्रुव वरखाली नाही तर डाव्या-उजव्या अंगाला. आम्हाला आधी वरखाली ध्रुववाले पाठवले होते, दिसायला हुबेहूब. कागदाखाली ठेवून वर लोखंडाचा कीस भुरभुरवला की फरक कळतो: डायमेट्रिकवर कीस दोन बाजूंना गोळा होतो.

पोलादी शाफ्टवर तो थेट चिकटवू नका, पोलाद चुंबकीय क्षेत्र ओढून घेतं. आम्ही पितळेची टोपी करून घेतली. चुंबक आणि चिपमधलं अंतर डोळ्यांनी ठरवण्यापेक्षा चिपमधला एजीसीचा (चुंबकाच्या जोरानुसार चिप आपोआप बदलते त्या संवेदनक्षमतेचा) आकडा वाचा. ५ व्होल्टवर तो ० ते २५५ असतो, मधोमध आला की झालं. चुंबकाचा मध्य चिपच्या मध्यासमोर आणणं मात्र वेळखाऊ आहे. चुंबक जरा बाजूला असला तरी कोन फेरीत कुठे पुढे, कुठे मागे पडतो. आमच्या मोटरला ७ ध्रुवजोड्या आहेत, त्यामुळे १ अंशाची चूक विद्युत कोनात (दर ध्रुवजोडीला पूर्ण ३६० अंश धरून मोजलेला कोन) ७ अंशांची होते. मोटर गुरगुरते आणि तापते.

ऐन पावसात मोटर जागच्या जागी थरथरायला लागली. मिस्त्रीने मागचं झाकण काढून बघितलं आणि म्हणाला, "चुंबक सुटलोहा, बोर्डाक काय झाला नाय." खाऱ्या हवेने चुंबकाच्या कडेचा निकेलचा मुलामा फुगला होता, आत तांबडा गंज, आणि डिंक सुटून चुंबक टोपीत फिरला होता. आता इपॉक्सीचा थर दिलेला चुंबक बसवलाय, बोर्डवरही लॅकर मारलंय. तेव्हापासून त्रास नाही.

सेन्सरची वायर आखूड ठेवा आणि मोटरच्या तीन फेज वायरींपासून लांबून न्या, नाहीतर आय-टू-सी (चिप आणि कंट्रोलरमधला दोन तारांवरचा संवाद) मध्येच अडकतं. मोटर फार वेगाने फिरणारी असेल तर हा घेऊच नका. एसपीआयवर (संवादाची जास्त वेगवान पद्धत) चालणारा १४ बिटांचा एएस ५०४७पी बघा.

दुसऱ्या चकतीलाही आम्ही हाच लावतोय, फक्त वेगळ्या कंट्रोलरवर. याचा आय-टू-सी पत्ता बदलता येत नाही, त्यामुळे एकाच वायरीवर दोन चालत नाहीत.